बुडाला भोक पडलेला मिंब्रेस वाडगा घ्यावा का?

डॅलसहून एका वाचकाने विचारलंय: ॲरिझोनातल्या एका इस्टेट सेलमध्ये (घरातल्या सामानाच्या विक्रीत) पांढऱ्यावर काळ्या रंगात ससा काढलेला मातीचा वाडगा दिसला. बुडाला भोक आहे. विकणारा म्हणतो, मिंब्रेस आहे, हजार वर्षांपूर्वीचा आहे, आजोबांच्या संग्रहातला आहे, म्हणजे ‘कायद्याच्या आधीचा’ आहे. किंमत साडेचार हजार डॉलर. खरा असेल का? घ्यावा का? पुढेमागे पुण्याच्या घरी नेता येईल का? आणि अमेरिकेतली प्राचीन मातीची भांडी जमवायची तर सुरुवात कुठून करायची?

आधी उत्तर सांगून टाकते. घेऊ नका. खोटा निघाला तर फक्त पैसे जातील. खरा निघाला तर अडचण जास्त मोठी आहे. मी नैर्ऋत्य अमेरिकेत जुन्या मृत्पात्रांच्या संवर्धनाचं काम करते, संग्रहालयांसाठी आणि खासगी संग्राहकांसाठीही, त्यामुळे भांडी जमवणाऱ्यांवर माझा काही राग नाही. पण या क्षेत्रात नवखा माणूस आधी भांड्याकडे बघतो आणि मग कागद मागतो. क्रम उलटा हवा.

तुमच्या वाडग्याकडे येऊ. न्यू मेक्सिकोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मिंब्रेस नावाची छोटी नदी आहे. तिच्या खोऱ्यात साधारण इ.स. 1000 ते 1130 या काळात ही काळी-पांढरी भांडी झाली. चाक नव्हतंच, युरोपीय येईपर्यंत दोन्ही अमेरिका खंडांत कुणीही चाकावर भांडं घडवलं नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, दाबून जोडायच्या, खरवडून भिंत पातळ करायची, वर पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा आणि वाळल्यावर लोहयुक्त रंगाने चित्र काढायचं. हा लोहाचा रंग भाजताना हवा कमी मिळाली तर काळा होतो आणि हवा लागली तर तांबूस. म्हणून अस्सल वाडग्यात बऱ्याचदा एका बाजूच्या रेघा काळ्या आणि दुसऱ्या बाजूच्या विटकरी दिसतात. सगळीकडे छापल्यासारखा एकसारखा काळा रंग दिसला की मी तरी थांबून पुन्हा बघते.

आता ते भोक. मिंब्रेस लोक आपल्या माणसांना घराच्या जमिनीखालीच पुरत. मृताच्या डोक्यावर वाडगा पालथा घालत आणि त्याआधी त्याच्या बुडाला ठोकून भोक पाडत. इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननाबद्दल वाचलं असेल, तर घराच्या जमिनीखाली दोन घट तोंडाला तोंड लावून ठेवलेली लहान मुलांची दफनं आठवतील. दोन संस्कृतींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण आपल्या माणसाला घरातच ठेवण्याची भावना समजायला मराठी वाचकाला फार लांब जावं लागू नये. तर असं भोक असलेला वाडगा बाजारात आला, याचा साधा अर्थ कुणीतरी कबर उकरली. विकणारे या भोकाला ‘अस्सलपणाची खूण’ म्हणून मिरवतात. खूण आहे खरी, पण कशाची, ते लक्षात घ्या.

आणि उकरली म्हणजे खुरप्याने नव्हे. 1960 आणि 70 च्या दशकांत या खोऱ्यात बुलडोझर लावून गावंच्या गावं खरवडली गेली. एक चित्रित वाडगा हाती लागावा म्हणून भिंती, चुली, हाडं, सगळ्याचा एकच ढिगारा. खोऱ्यातलं जवळपास एकही मोठं गाव यातून सुटलं नाही. पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन लेब्लांक आणि मिंब्रेस फाउंडेशनने 70 च्या दशकात लुटारूंनी सोडलेल्या कोपऱ्यांतूनच जमेल तेवढी माहिती गोळा केली. आज आपल्याला जे कळलंय त्यातलं बरंचसं त्या उरल्यासुरल्या मातीतलं आहे. न्यू मेक्सिकोने 1977 मध्ये विनापरवाना यंत्राने खणण्यावर आणि 1989 मध्ये खासगी जमिनीतल्याही खुणा नसलेल्या कबरी उकरण्यावर बंदी घातली. तोवर बहुतेक माल निघून गेला होता.

पण तुमचा वाडगा खराच आहे, हे आपण कशावरून धरायचं? मिंब्रेसमध्ये एक फसवणूक खास चालते. भौमितिक नक्षीचे वाडगे पुष्कळ सापडतात; ससा, मासा, वटवाघूळ, हरिण, माणूस अशी चित्रं असलेले कमी आणि त्यांना दर कितीतरी जास्त. मग कुणीतरी अस्सल, पण रंग झिजलेला किंवा साधा वाडगा घेतो आणि त्यावर नवा ससा काढतो. माती हजार वर्षांची, ससा तीस वर्षांचा. प्रयोगशाळेत मातीचा नमुना दिला तर ‘प्राचीन’ असाच निकाल येतो, आणि खोटं काहीच नाही त्यात!

हे ओळखायला मी काय बघते ते सांगते. दहापट भिंग घ्या आणि रेघ तड्याला जिथे भेटते तिथे बघा. जुनी रेघ तड्याबरोबर तुटते. नवा रंग तड्यात उतरतो. भोकाच्या काठाला टवके उडालेले असतात, तिथे चित्राची रेघ टवक्याशी तुटायला हवी; रंग टवक्यावरून खाली ओघळलेला दिसला तर तो भोक पाडल्यानंतर लागलाय. जमिनीत असताना मुळांनी भांड्यावर जाळीदार खुणा सोडलेल्या असतात, कुठेकुठे चुनखडीचे पांढरे पापुद्रे असतात. रंग या खुणांच्या खाली हवा, वर नव्हे. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला की जुनी लाखेची डागडुजी नारिंगी चमकते आणि आधुनिक रंगांचे ठिगळ सभोवतालच्या पृष्ठभागापासून वेगळे उठून दिसतात. शेवटी कडेच्या एका टिंबावर ॲसिटोनचा बोळा, तोही मालकाच्या परवानगीने. भाजलेला रंग ॲसिटोनला दाद देत नाही. बोळा काळा झाला तर ससा नवा.

आणि बोटाच्या पेराने हळूच टिचकी मारा. माठ घेताना आपण मारतोच की. अखंड भांडं खणखणीत वाजतं, जोडलेलं बद्द वाजतं. जोडलेलं असणं हा दोष नाही, बहुतेक सगळी जोडलेलीच असतात. ‘अखंड’ म्हणून विकलेलं भांडं बद्द वाजलं तर विकणाऱ्याची बाकीची वाक्यंही त्याच मापाने घ्या.

प्रयोगशाळेतल्या चाचणीचं नाव थर्मोल्युमिनेसन्स, बोलीत टीएल. मातीतल्या क्वार्ट्झ-फेल्डस्पारच्या कणांत आसपासच्या किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते. भट्टीत भाजलं की साठा रिकामा होतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. नमुना तापवला की साठलेली ऊर्जा उजेड बनून बाहेर पडते, त्यावरून शेवटचं भाजणं केव्हा झालं याचा ढोबळ अंदाज येतो. ढोबळच. 800 वर्षं की 1000, हा वाद टीएल सोडवत नाही. 1000 की 40, हा सोडवते. बारीक ड्रिलने चिमूटभर पूड काढावी लागते. ती एकाच जागेची काढून भागत नाही, कारण तीन जुन्या भांड्यांची खापरं जोडून चौथं उभं करणारे कारागीर आहेत. आणि एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करायचा असेल तर टीएलचा नमुना आधी काढून घ्या; स्कॅनच्या किरणांनी साठ्यात भर पडते आणि हिशेब चुकतो.

शास्त्र आणि तज्ज्ञ यांच्यावर किती विसंबायचं, हे ब्रिगिदो लाराच्या गोष्टीतून कळतं. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्यातला हा कारागीर. 1974 मध्ये पोलिसांनी त्याला प्राचीन मूर्तींच्या चोरट्या व्यापारासाठी पकडलं. जाणकारांनी माल अस्सल असल्याची ग्वाही दिली, लारा तुरुंगात गेला. तो सांगत राहिला की हे सगळं मीच घडवलंय. कुणी ऐकेना, तेव्हा त्याने तुरुंगात माती मागवली आणि तशाच मूर्ती करून दाखवल्या. सुटला, आणि पुढे शालापाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयासाठीच काम करू लागला. त्याच्या हातच्या वस्तू त्याआधीच अमेरिकेतल्या नामांकित संग्रहांत ‘प्राचीन’ म्हणून जाऊन बसल्याचा संशय नंतर बरीच वर्षं चघळला गेला. साक्षीदार म्हणून आरोपीच उभा राहिला म्हणून हे कळलं. एरवी ते खापर कुणाच्या माथी फुटलं असतं कोण जाणे.

आता कायदा. ‘आजोबांच्या संग्रहातला’ हे वाक्य विकणारे का म्हणतात, ते यातून कळेल. थिओडोर रुझवेल्ट यांनी 1906 मध्ये अँटिक्विटीज ॲक्टवर सही केली, तेव्हापासून सरकारी जमिनीतून परवान्याशिवाय काहीही काढणं गुन्हा आहे. तो कायदा दुबळा ठरला, म्हणून 1979 मध्ये आर्किऑलॉजिकल रिसोर्सेस प्रोटेक्शन ॲक्ट आला. आम्ही सगळे आर्पा म्हणतो. आर्पाने सरकारी आणि आदिवासी जमिनीतल्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खणणं, विकणं आणि विकत घेणंही गुन्हा ठरवलं. तुरुंगवास आणि हजारो डॉलरचा दंड दोन्ही होऊ शकतात. खासगी जमिनीतली वस्तू असली तरी राज्याचा कायदा मोडून काढलेली वस्तू राज्याबाहेर विकली की आर्पा लागू होतो. तुम्ही डॅलसचे, वाडगा ॲरिझोनात, मूळ न्यू मेक्सिकोतलं. मोजा किती सीमा झाल्या.

आर्पात एक फट आहे: 31 ऑक्टोबर 1979 पूर्वी कायदेशीरपणे ताब्यात असलेल्या वस्तूंना त्याच्या खरेदी-विक्रीच्या बंदीतून सूट. बाजारातल्या प्रत्येक वाडग्याला एक वारलेले आजोबा असतात ते या फटीमुळे. 2009 च्या जून महिन्यात युटातल्या ब्लँडिंग आणि आसपासच्या गावांत एफबीआय आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याने धाडी टाकल्या, 24 जणांवर आरोप ठेवले. त्याआधी दोनेक वर्षं त्यांचा खबऱ्या छुपा कॅमेरा लावून माल विकत घेत होता. अडीचशेहून अधिक वस्तू, सव्वातीन लाख डॉलरच्या वर रक्कम. त्या व्यवहारांत सरकारी जमिनीतून काढलेला माल खासगी जमिनीतला आहे असं लिहून दिलेली खोटी पत्रं होती. म्हणजे नुसतं पत्र असणं पुरेसं नाही. पत्र बोलतंय ते इतर कशाशी जुळतंय का, हे बघायचं.

मी ज्याला कागद म्हणते त्यात हे येतं: तारीख असलेली जुनी पावती, लिलावाच्या छापील यादीतला क्रमांक आणि फोटो, दिवाणखान्यातला असा कौटुंबिक फोटो ज्यात मांडणीवर तेच भांडं ओळखू येतंय आणि काळ ठरवता येतोय, जमिनीच्या मालकाचं नाव, शेताचा ठिकाणा आणि खणल्याचं साल सांगणारी नोंद, भांड्याच्या बुडाला शाईने लिहिलेला क्रमांक आणि तो क्रमांक जिच्याशी जुळतो ती वही. क्रमांक खोडलेला दिसला तर उठून चालू लागा. तो कुठल्यातरी संग्रहालयाचा किंवा उत्खननाचा असू शकतो.

आणि कागद सगळे नीट असले तरी भोकाचा वाडगा मी घेऊ देणार नाही. 1990 च्या नॅगप्रा कायद्याने सरकारी निधी घेणाऱ्या संग्रहालयांना पूर्वजांचे अवशेष आणि कबरीतल्या वस्तू आदिवासी राष्ट्रांना परत देणं बंधनकारक केलं. जानेवारी 2024 पासून नियम आणखी कडक झाले; अशा वस्तू दाखवायच्या तर आधी संबंधित समाजाची संमती हवी. त्या महिन्यात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीने दोन दालनं बंद केली, शिकागोच्या फील्ड म्युझियमने काही कपाटं झाकली. खासगी घरातल्या वस्तूवर नॅगप्रा थेट चालून येत नाही, पण त्याचा परिणाम साधा आहे: उद्या तुम्ही हा वाडगा दान करू म्हणालात तर बरीच संग्रहालयं तो आत घेणार नाहीत. विकायला गेलात तर गिऱ्हाईक दरवर्षी कमी. होपी, झुनी, अकोमा या नैर्ऋत्य अमेरिकेतल्या आदिवासी लोकांना हे पूर्वजांच्या चेहऱ्यावरून ओढून काढलेलं भांडं वाटतं, ती गोष्ट वेगळीच, आणि माझ्या लेखी तीच मोठी आहे.

पुण्याला नेण्याचा विचार तर सोडूनच द्या. डिसेंबर 2022 मध्ये झालेल्या स्टॉप ॲक्टने आर्पा-नॅगप्राच्या विरुद्ध मिळवलेल्या आदिवासी वारशाच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली आहे. बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेणारे आहेत, मला माहीत आहे. मुंबई विमानतळावर कस्टम्सवाल्यापुढे हजार वर्षांच्या वस्तूची ‘किंमत आणि मूळ’ सांगताना काय सांगणार, ते आधी घरी आरशासमोर म्हणून बघा.

सीमेच्या दक्षिणेकडच्या वस्तूंबद्दल फार लिहीत नाही, कारण नवख्याने तिकडे जाऊच नये. मेक्सिकोत 1972 च्या कायद्याने सगळ्या पुरातन वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत, आणि अशी परदेशी राष्ट्राची मालकी अमेरिकन कोर्ट चोरीच्या मालाच्या कायद्याखाली मानतं, हे 1977 मध्ये मॅक्लेन खटल्यात ठरलं. पेरूत 1987 मध्ये सिपान इथली मोचे या प्राचीन संस्कृतीची थडगी लुटली जात असताना पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांनी ती वाचवली. तिथला माल बाजारात दिसू लागल्यावर अमेरिकेने 1990 मध्ये त्याच्या आयातीवर तातडीची बंदी घातली आणि 1997 मध्ये ती पेरूच्या जवळजवळ सगळ्या प्राचीन वस्तूंना लागू केली. मोचेंची रिकिबीसारखी तोटी असलेली भांडी डोळे भरून बघायची असतील तर लिमाच्या लार्को संग्रहालयात जा. तिथलं कोठारही लोकांना खुलं आहे, कपाटामागून कपाटं, हजारो भांडी विषयवार लावलेली. रफाएल लार्को यांनी याच तोटीच्या ओठाचा आकार बघून मोचे काळाचे पाच टप्पे पाडले.

कुणाकडे आधीच वारसाहक्काने एखादं भांडं आलेलं असेल तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली: आतून धुऊ नका. न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनच्या उंच नळकांडी भांड्यांची खापरं पुरातत्त्वज्ञ पॅट्रिशिया क्राउन यांनी तपासली, तेव्हा 2009 मध्ये त्यांत कोकोचे अंश सापडले. कोको उगवतो दोन हजार किलोमीटर दक्षिणेला! हजार वर्षांपूर्वी इतक्या लांबून तो या वाळवंटात येत होता, हे भांड्याच्या छिद्रांत मुरलेल्या अंशावरून कळलं. साबणाने घासलेल्या भांड्यातून असं काही कळलं नसतं.

दुसरी: क्षार. वाळवंटी जमिनीतली भांडी मीठ पिऊन बसलेली असतात. ॲरिझोनात वर्षानुवर्षं ठणठणीत राहिलेलं भांडं ह्यूस्टनच्या दमट हवेत आलं की भिंतीला लोणा लागतो तसा त्याला लोणा लागतो. पांढरी बुरशीसारखी लव येते आणि तिच्याबरोबर लेपाचे पापुद्रे सुटतात, चित्रासकट. पुसू नका, पुसलं की चित्र फडक्यावर येतं. हवेतली आर्द्रता स्थिर ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. तुटलेलं जोडायला बाजारातला झटपट गोंद तर नकोच. आम्ही पॅरालॉइड बी-72 नावाचं राळेसारखं द्रव्य ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतो, कारण उद्या ते सोडवता येतं. पांढरे पापुद्रे काढायला व्हिनेगर लावायचा सल्ला फिरत असतो. ज्या मातीत चुना किंवा शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो, तिचा मधला कणाच व्हिनेगर खाऊन टाकतं. आणि उचलताना काठाला किंवा कानाला धरू नका. एक हात बुडाखाली.

मग जमवायचं काय? खरं सांगायचं तर या भांड्यांची परंपरा संपलेली नाही, आणि जिवंत कुंभाराकडून घेतलेल्या भांड्याला कागदांची विवंचना नाही. होपी-टेवा कुंभारीण नाम्पेयो यांनी 1890 च्या दशकात सिक्यात्कीच्या जुन्या गावातल्या खापरांवरून ती शैली पुन्हा जागी केली. त्यांच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्याही मातीत हात घालत आल्या. न्यू मेक्सिकोतल्या सान इल्देफोन्सो गावच्या मारिया आणि हुलियान मार्टिनेझ यांनी 1919 च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी साधली. जळत्या आव्यावर शेणाची पूड लोटायची, धूर आत कोंडायचा, लाल भांडं काळं होऊन बाहेर येतं.

माझी स्वतःची आवड मात्र सीमेपलीकडच्या माता ऑर्तिझ गावाची. चिवावा राज्यात पाकिमे नावाचं मोठं प्राचीन नगर आहे, 1998 पासून जागतिक वारसा. त्याच्या शेजारच्या या गावात हुआन केसादा नावाचा मुलगा सरपण गोळा करता करता खापरं वेचायचा. कुणी शिकवणारं नाही. खापरं बघून माती शोधली, रंग शोधले, मानवी केसांचे कुंचले केले, शेणाच्या गोवऱ्यांत भाजायला शिकला. 1976 मध्ये स्पेन्सर मॅकॅलम या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाला न्यू मेक्सिकोतल्या डेमिंगच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याची तीन भांडी बिननावाची पडलेली दिसली. ते माग काढत गावात पोहोचले, आणि पुढे सगळं गाव या कामाला लागलं. त्या काळात माता ऑर्तिझची काही भांडी मातीत लोळवून ‘प्राचीन’ म्हणूनही खपवली गेली, तेव्हा पाकिमेचं ‘जुनं’ भांडं कुणी देऊ केलं तर सावध. केसादा 2022 मध्ये वारले, पण गावात आज कितीतरी घरांत काम चालतं. भांड्याखाली करणाऱ्याची सही असते, ती बघून घ्या, भिंत किती पातळ आहे ते दोन बोटांत धरून बघा, टिचकी मारा. पुण्यालाही खुशाल न्या. फक्त पाणी भरू नका. कमी आचेवर भाजलेली असतात, आतून पाझरतात आणि चित्र खराब होतं.

आणि त्या इस्टेट सेलवाल्याला नम्रपणे एवढं विचारा: हा वाडगा कुठल्या शेतातून, कुठल्या साली निघाला, आणि हे 1979 पूर्वी कुठे लिहिलेलं आहे? उत्तर आलं तर मला कळवा, फोटोसकट. बुडाचा फोटोही हवा, आतून आणि बाहेरून दोन्ही.